हद्दवाढीच्या प्रस्तावात आमची वस्ती: हरकत नेमकी कशी घ्यायची?

ओढ्यापलीकडचा
शेजारच्या नगरपरिषदेच्या हद्दवाढीची प्राथमिक उद्घोषणा निघाली आहे. आमच्या गावाचं गावठाण बाहेर ठेवलंय, पण ओढ्यापलीकडची वस्ती, साधारण चाळीस गट (जमिनीचे क्रमांकवार तुकडे), आत घेतली आहे. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला आहे आणि सह्यांचं निवेदनही तयार आहे. एवढ्यावर भागेल का? हरकत कोणाकडे द्यायची? घरपट्टी वाढेल हा मुद्दा टिकतो का?

गावनकाशा
ठराव जरूर जोडा, पण तो सरकारवर बंधनकारक नाही. कायद्याने विचारात घ्यावीच लागते ती मुदतीत आलेली लेखी हरकत.

नगरपरिषद आहे म्हणजे १९६५चा कायदा लागतो (महापालिका असती तर १९४९चा). हरकत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत द्या. नगरपरिषदेच्या खिडकीवर देऊन मोकळे होऊ नका, तो कागद वेळेत पुढे जाईलच असं नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. मुदत कधीपासून मोजायची ते उद्घोषणेतच लिहिलेलं असतं. राजपत्राची तारीख आणि फलकावर लावल्याची तारीख वेगळी असेल तर आधीची धरून चाला.

तीनशे सह्यांचं एक निवेदन बऱ्याचदा 'एक हरकत' म्हणून नोंदवलं जातं. म्हणून घरटी वेगळा अर्ज करा. प्रत्येकात गट क्रमांक, ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक आणि त्या जमिनीचा आजचा वापर लिहा. एकाच मजकुराच्या झेरॉक्स दिल्या तर सगळ्यांना मिळून एका ओळीचं उत्तर येतं.

पण त्याआधी उद्घोषणेची अनुसूची (सोबत जोडलेली गटांची आणि सीमांची यादी) काढून बसा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या आणि अनुसूचीतला एकेक गट त्यावर रंगवा. चतुःसीमेत 'ओढ्याच्या पूर्वेस' म्हटलंय आणि यादीत पश्चिमेचे गट आलेत, किंवा सीमेच्या आतला एखादा गट यादीतून सुटलाय, असं सापडलं तर तो तुमचा पहिला मुद्दा. नेमकं कोणतं क्षेत्र आत जातंय हेच लोकांना कळलं नसेल तर त्यांनी हरकत कशावर घ्यायची? भावनिक परिच्छेदांपेक्षा हा रंगवलेला नकाशा जड पडतो.

नमुना_आठ
मुद्द्यांबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद २४३थ मध्ये निकष दिलेत: लोकसंख्या, घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराची टक्केवारी, आर्थिक महत्त्व. हरकत याच क्रमाने लिहा.

रोजगारासाठी लोक २०११च्या जनगणनेचा गावनिहाय तक्ता लावतात. एकूण काम करणाऱ्यांतून शेतकरी आणि शेतमजूर वजा केले की बिगरशेती आकडा येतो. तुमची अडचण अशी की हा तक्ता महसुली गावाचा असतो, वस्तीचा नाही. अख्ख्या गावाचा आकडा वस्तीच्या नावावर खपवलात तर समोरचा तेवढंच पकडेल. त्याऐवजी चाळीसही गटांच्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी लावा, सोबत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मधून निवासी आणि व्यापारी मिळकतींची मोजदाद द्या.

त्याच नमुना ८ मधून दुसरा, माझ्या मते जास्त वजनदार मुद्दा निघतो. वस्ती गेल्यावर ग्रामपंचायतीची घरपट्टी किती टक्के घटते? उरलेल्या गावाच्या पाणीयोजनेचं वीजबिल कशातून भरणार? टाकी एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला राहत असेल तर तेही नकाशावर दाखवा. जलजीवन मिशनचं काम अर्धवट असेल तर कार्यादेशाची प्रत जोडा. ती योजना ग्रामीण भागाची आहे, पुढचं काम कोण करणार हे प्रस्तावात दिसायला हवं.

तुमची घरपट्टी वाढेल हा मुद्दा शेवटी ठेवा. वाढ बहुधा एकदम बसत नाही, पुण्यात आलेल्या गावांना टप्प्याटप्प्याने लावली. शिवाय 'कर नको' एवढंच म्हटलं की 'सुविधा मिळतील' हे उत्तर तयारच असतं.

ओढ्यापलीकडचा
प्रस्ताव आणि नगरपरिषदेचा ठराव माहिती अधिकारात मागवू का? सुनावणी मिळते का?

गावनकाशा
मागवा, दहा रुपयांचं काम आहे. पण उत्तराला ३० दिवस असतात, तोवर हरकतीची मुदत संपलेली असेल. म्हणून उत्तराची वाट न बघता हरकत द्या. तीतच 'कागद मिळाल्यावर पुरवणी म्हणणं मांडण्याचा हक्क राखून' असं लिहा आणि कागदांची मागणीही करा. समक्ष सुनावणीही त्याच अर्जात मागा. ती मिळाली तर तोंडी बोलून परत येऊ नका, म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या.

रिट_वाला
कोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांसाठी. सुंदरजास भाटिजा प्रकरणात (१९८९, कल्याण महापालिकेची स्थापना आणि उल्हासनगर) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा निर्णय विधायी, म्हणजे कायदा करण्यासारख्या स्वरूपाचा असतो, कायद्यात लिहिलेल्या प्रक्रियेपलीकडे नैसर्गिक न्यायाचे नियम त्याला लागत नाहीत. म्हणजे 'निर्णय चुकीचा आहे' यावर उच्च न्यायालयात फारसं हाती लागत नाही. उद्घोषणा नीट प्रसिद्ध झाली नाही, मुदत कमी दिली, हरकती न वाचता निकाली काढल्या, यावर लागू शकतं. फलकावर उद्घोषणा लावली नसेल तर आजच ग्रामसेवकाला सोबत घेऊन पंचनामा करा, तारखेसह फोटो ठेवा.

मागणीही दुहेरी ठेवा: आधी 'वस्ती वगळा', ते नाही तर 'गावाचे तुकडे करू नका, घ्यायचं तर अख्खं गाव घ्या'. कल्याणजवळची २७ गावं २००२ मध्ये महापालिकेबाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आत आली. पुण्यात २०१७ला घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली. एकदा वगळली म्हणून फाइल बंद होत नाही. रंगवलेला नकाशा, पोचा आणि नमुना ८ च्या प्रती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवूच नका. ग्रामपंचायत विलीन झाली तर तिचं दप्तर नगरपरिषदेकडे जातं.