मदत हवी आहे: उठबस न होणाऱ्या आजी-आजोबांसाठी दुपारचे काय कार्यक्रम ठेवता येतील? (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीत पंचाहत्तरीच्या पुढची बारा-पंधरा माणसं अशी आहेत की ज्यांचं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलंय. बहुतेकांचे गुडघे गेलेत, एका मामांची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडलीय, दोघी वॉकरवर आहेत, एक आजी व्हीलचेअरवर. मुलं पुण्याला, बेंगळूरला नाहीतर गोव्याला. माझ्या सासूबाईही त्यांच्यातल्याच. "बसून बसून कट्टाळा आलाय बघ," हे घरोघरी ऐकू येतं. म्हणून दर गुरुवारी दुपारी सगळ्यांना एकत्र आणायचं आम्ही चार-पाच जणींनी ठरवलं आणि देवळाच्या सभागृहात सुरूही केलं. पुढे कसं न्यायचं यासाठी सल्ला हवाय.

एक गोष्ट मला पक्की कळलीय, ती आधी सांगते. या माणसांना नुसती करमणूक नकोय. समोर कुणी गाणं म्हटलं, भाषण दिलं तर ऐकतात, टाळ्या वाजवतात, आणि अर्ध्या तासात "घरी सोड" म्हणतात. हाताला काम दिलं की घड्याळाकडे बघत नाहीत.

वाकळीचंच बघा. जुनी लुगडी जमवली, दोन टेबलं जोडून त्यावर थर अंथरले आणि चार बाजूंना चौघींना खुर्चीत बसवलं. जमिनीवर बसून शिवायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा कुरकुर झाली. मग एकीने धावदोरा सुरू केला, दुसरीने तिच्या टाक्यांना नाव ठेवलं, आणि सगळ्या लागल्या. सुईत दोरा ओवायला शाळेतून आलेली नातवंडं. व्हीलचेअरवरच्या आजींना सुई धरवत नाही, पण त्यांनी आयुष्यभर हातमागासाठी कांड्या भरल्यात. डोळ्यांना नीट दिसत नसताना त्या नुसतं बोटांत चोळून कुठला कपडा टिकेल आणि कुठला विरलाय ते सांगतात. त्यांनी बाजूला काढलेलं लुगडं कुणी परत थरात घालत नाही. ही वाकळ गल्लीत नवीन बाळ आलेल्या घरी जाणार आहे.

बायकांचं असं जमतंय. वाती वळणं, पावटे सोलणं, हारासाठी फुलं ओवणं, त्यांना कामं सुचतात. अडतंय पुरुषांचं. ते भिंतीला टेकून बसतात, पेपर चाळतात, आणि सीमाप्रश्न निघाला की आवाज चढतो. आमच्याकडे विणकरांची घरं मिसळलेली, निम्मे मराठी बोलणारे, निम्मे कानडी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी ही माणसं पोरसवदा होती, आणि तो विषय अजून ताजा आहे. गुरुवारी तरी तो नको, असं आम्ही सगळ्यांना हात जोडून सांगितलंय. भजनात मात्र कसलीच अडचण येत नाही. मराठी अभंग काय आणि कानडी दासरपद काय, विठ्ठल एकच.

मला विचारायचंय ते असं.

पुरुषांना खुर्चीत बसून, शक्यतो एका हाताने जमेल असं काय देता येईल? कॅरम आणला, पण त्याच्या घडवंचीखाली व्हीलचेअर जात नाही, आणि लुळ्या हाताच्या मामांना पत्ते धरता येत नाहीत.

सभागृहाला दोन पायऱ्या आहेत, मिळून फूटभर उंची. सध्या पोरं खुर्चीसकट उचलून आत नेतात. त्यात आजींना संकोच वाटतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. लाकडी फळी टाकून भागेल का?

आणि आषाढात मंगाई देवीची यात्रा असते. सगळ्यांना एकदा दर्शनाला न्यायची फार इच्छा आहे. अशी माणसं यात्रेला कुणी नेली आहेत का? कशी नेली?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मी फिजिओथेरपीचं काम करते. फळी टाकू नका. उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांब उतार. तेवढी जागा तुमच्या गल्लीत असेल असं वाटत नाही, आणि आखूड, खड्या फळीवरून व्हीलचेअर उलटते. त्यापेक्षा रस्त्याच्या पातळीवरची एखादी पडवी किंवा शाळेचा वर्ग शोधा. जागा बदलणं सगळ्यात स्वस्त.

खुर्च्या हातवाल्या आणि जड असू द्या. बिनहाताची प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते, आणि उठताना आधार कशाचाच नसतो. पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे. ठेंगण्या आजींच्या पायाखाली पाट द्या. सगळ्यांना नालेच्या आकारात बसवा, एकामागे एक रांगा नकोत. कमी ऐकू येणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसलं की निम्मं काम होतं.

व्यायाम भजनातच घाला. ठेक्यावर टाचा उचलायच्या, मग चवडे, मग एकेक गुडघा. टाळाला दोन हात लागतात, पण चिपळ्या एका हाताने वाजतात. त्या मामांच्या डाव्या हातात द्या. पत्त्यांसाठी सुताराकडून वीतभर लाकडी पट्टीला खाच पाडून घ्या, पत्ते तिच्यात उभे राहतात. कॅरम घडवंचीवर न ठेवता चार पायांच्या टेबलावर ठेवा; व्हीलचेअरचे हात टेबलाखाली जातात का तेवढं मोजून घ्या.

खाण्याचं एक सांगते. अर्धांगवायू झालेल्यांना गिळताना त्रास होऊ शकतो. चिवडा, फुटाणे देऊ नका, खाताना ताठ बसवा, आणि चहा पिताना ठसका लागत असेल तर घरच्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगा. लघवीची गोळी कोण कधी घेतं तेही विचारून ठेवा. जवळ कमोड नसेल तर माणसं कारण न सांगता यायची बंद होतात.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

पुरुषांना शेतीचं काम द्या. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा हातानेच फोडाव्या लागतात, दाण्याचं साल निघालं तर उगवण कमी होते. खुर्चीत बसून, मांडीवर सूप घेऊन आमचे तात्या दोन तास फोडतात आणि पोरांनी फोडलेले दाणे तपासून नापासही करतात. ज्याचा एकच हात चालतो त्याने दाणे निवडावेत.

पेपर चाळण्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. कानडी आणि मराठी दोन्ही पेपर आणा, वाचणारे आळीपाळीने बदला. विषय हवा असेल तर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन काढा. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. आई-वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी बऱ्याच घरांत असतात, आणि त्यावरून कुणाचं भांडण होत नाही.

यात्रेच्या मुख्य दिवशी नेऊ नका. आठवडाभर आधी, सकाळी लवकर, रिक्षा देवळाच्या अगदी जवळ जाते तेव्हा न्या. एका वेळी तीन-चार जणच, प्रत्येकामागे एक धडधाकट माणूस.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. चिपळ्यांचं आजच मामांच्या सूनबाईंना सांगितलं. त्यांच्या घरी जुनी जोडी आहे. आमच्या समोरच्या घराची पडवी रस्त्याच्या पातळीला आहे, मालकीणबाईंशी बोलून घेते. शेंगा मे महिन्यात मिळतील, सुपं घरोघरी आहेतच.

आता दोन गोष्टी राहिल्या. वडगाव-शहापूर-अनगोळ भागात कुणाकडे वापरात नसलेल्या हातवाल्या लाकडी खुर्च्या असतील तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि पडवीत कमोडची खुर्ची ठेवायची तर आडोसा कसा करावा, हे कुणी केलं असेल तर सांगा.