टाइपओआरएम: कॉलमचा टाइप ओळखता येत नाही म्हणतंय, मदत हवी आहे

पाऊलवाट: टाइपओआरएम (टाइपस्क्रिप्टचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) वापरतोय, काल संध्याकाळपासून अडकलोय. क्लासवर @एन्टिटी, प्रत्येक फील्डवर @कॉलम, हे डेकोरेटर (माहिती जोडणाऱ्या खुणा) सगळे नीट लावलेत. ॲप सुरू केलं की एरर. गेल्या आठवड्यापर्यंत हाच कोड चालत होता, एक ओळ बदललेली नाही. उद्या डेमो आहे, लवकर सांगा.

चकवा: एरर काय ते तर लिहा! डेटाबेस कोणता?

पाऊलवाट: पोस्टग्रेस. ग्राहक क्लासमधल्या 'नाव' कॉलमचा टाइप दिलेला नाही आणि ओळखताही येत नाही, असं म्हणतंय. अहो, समोर 'नाव: स्ट्रिंग' लिहिलंय ना!

जुना_सर्व्हर: डेकोरेटरचा नाद सोडा. सरळ एसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल लिहा.

शेवंती: एसक्यूएलअल्केमीत मॅप्ड लिहिलं की टाइप आपोआप कळतो.

चकवा: ते पायथॉनचं झालं. इथे टाइपस्क्रिप्टचं चाललंय.

आडवाट: टाइपच्या नोंदी वाचायला लागणारं रिफ्लेक्ट-मेटाडेटा पॅकेज सुरुवातीलाच इम्पोर्ट केलंय? टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एमिटडेकोरेटरमेटाडेटा ट्रू आहे?

पाऊलवाट: दोन्ही आहे. पहिलं तेच तपासलं.

आडवाट: मग चालवता कशाने?

पाऊलवाट: आधी टीएस-नोड. सोमवारपासून टीएसएक्स. दोन्ही टाइपस्क्रिप्ट थेट चालवतात, पण हे झटकन सुरू होतं म्हणून. त्याचा काय संबंध?

आडवाट: तिथेच घोळ आहे. कोड चालताना टाइपस्क्रिप्टचे टाइप उरतच नाहीत. एमिटडेकोरेटरमेटाडेटा चालू असला की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर 'नाव म्हणजे स्ट्रिंग' अशी नोंद जावास्क्रिप्टमध्ये ठेवतो आणि @कॉलम ती वाचतो. टीएसएक्सच्या पोटात ईएसबिल्ड हा वेगळा कंपायलर आहे. तो टाइप नुसते पुसतो, नोंद करतच नाही, टीएसकॉन्फिगमध्ये काहीही लिहा. टीएस-नोडवर परत जा, नाहीतर @कॉलमच्या कंसात 'व्हारचार' (डेटाबेसमधला मजकुराचा टाइप) लिहा. मी तर कायम टाइप हाताने लिहिते.

जुना_सर्व्हर: सिंक्रोनाइझ ट्रू (क्लासप्रमाणे टेबलं आपोआप बदलणारी सेटिंग) ठेवलंय का? असेल तर लाइव्हवर आधी बंद करा. फील्डचं नाव बदललं की तो जुना कॉलम डेटासकट उडवतो आणि नवा रिकामा कॉलम बनवतो. आमचे पत्ते गेले होते असे, बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून निभावलं. त्याऐवजी मायग्रेशन, म्हणजे टेबलातल्या बदलांची स्क्रिप्ट, हाताने लिहा.

पाऊलवाट: टीएस-नोडवर गेलो, 'नाव' सुटलं. आता 'फोन'वर अडलंय: ऑब्जेक्ट हा टाइप पोस्टग्रेसला चालत नाही म्हणे. हे फील्ड परवाच टाकलंय, सांगायचं राहिलं.

आडवाट: 'स्ट्रिंग किंवा नल' असं लिहिलंय ना? स्ट्रिक्ट मोडमध्ये त्याची नोंद ऑब्जेक्ट म्हणून होते. तिथे टाइप द्यावाच लागतो, सोबत नलेबल ट्रू, म्हणजे रिकामं चालेल.

पाऊलवाट: चाललं!! खूप आभार. उरलेल्या सतरा फील्डांनाही टाइप लिहायला बसतोय.

रानफूल: मायएसक्यूएलमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, कोणी सांगेल का?

चकवा: टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ करा. आणि वेगळा धागा काढा हो.