अल्बमच्या कामाला ८ जीबी रॅम पुरेना, १६ घेऊ की ३२?

पूर्वभाग_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम आणि चादर-टॉवेलच्या कारखानदारांचे कॅटलॉग, ही दोन मुख्य कामं. फोटो भाऊ काढतो, एडिटिंग आणि फोटोशॉपमधली अल्बमची मांडणी माझ्याकडे.

मशीन असं आहे: आय५-१०४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २५६ जीबीचा एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सगळं रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, जड फाइलींत.

अल्बमचं पान १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). पानात तीन-चार फोटो असेपर्यंत मशीन नीट चालतं. हळदीचं पान करताना मात्र दहा-बारा फोटो, मागे टेक्श्चर, वर मास्क, आणि मग ब्रश फिरवला की रेघ दोन सेकंदांनी उमटते. त्यात फोटो निवडायचं-सुधारायचं लाइटरूम चालू असतं, क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब, कारण नवरीच्या घरचे पानं बघून लगेच बदल सांगतात, आणि बाजूला बिलाचं सॉफ्टवेअर. एकेक बंद करून काम करावं तर गिऱ्हाइकाचा मेसेज दिसत नाही.

कॅटलॉगचा त्रास वेगळा. जेकार्ड चादरीची वीण इतकी बारीक असते की कापडात नसलेल्या लहरी फोटोत दिसतात, त्या घालवायला एकावर एक लेयर (थर) करावे लागतात. फाइल बघता बघता एक-दीड जीबीची होते.

भाऊ म्हणतो नवा लॅपटॉप घेऊ, हप्त्यावर मिळायलाय, पण तोही ८ जीबीचाच. मला वाटतं आहे त्या मशीनमध्ये रॅम वाढवावी. १६ पुरेल का, ३२ लागेल? रॅमचे भाव सध्या चढलेत, म्हणून नीट विचारून घ्यायचंय. लग्नसराईच्या आत हे उरकायचं आहे.

मोठी_फाइल

ताई, थेट ३२ टाका. मी बॅनर-फ्लेक्सचं काम करतो, १६ वर दम लागायचा. विषय संपला.

नवीपेठ_रिपेअर

ताई, घाई करू नका, आधी मोजून घ्या. दुकानात येणारी बरीच मंडळी रॅम वाढवून परत येतात, ‘काहीच फरक नाही’ म्हणून. पैसा कष्टाचा असतो, तो बरोबर जागी लागला पाहिजे.

तुमच्या पानाचा हिशोब बघा. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. झाले ३ कोटी ८८ लाखांच्या वर. ८ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे पानभर पसरलेला एक लेयर ११७ एमबीच्या आसपास. १६ बिटमध्ये काम करत असाल तर तोच दुप्पट. असे दहा लेयर, त्यावर मास्क, आणि फोटोशॉप मागच्या ५० पायऱ्या लक्षात ठेवतं त्यांचा बोजा निराळा. तुमच्या ८ जीबीतले अडीच-तीन जीबी विंडोजच धरून बसतं, ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे स्क्रीनचं कामही त्याच रॅममधून भागवावं लागतं. उरलेल्यात लाइटरूम आणि क्रोम. मग फोटोशॉपला काय उरणार?

पण ‘उरत नसणार’ हा अंदाज झाला. खात्री अशी करा. तुमचं सगळ्यात जड हळदीचं पान उघडा, लाइटरूम, क्रोम, बिलाचं सॉफ्टवेअर सगळं रोजच्यासारखं चालू ठेवा. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात फाइलचा आकार दिसतो, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. तिथे १०० टक्के दिसत असेल तर रॅम पुरतेय, दुखणं दुसरीकडे आहे. आकडा खाली यायला लागला तर फोटोशॉप रॅम संपवून डिस्कवर लिहायलंय असं समजा. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ती कुठल्या ड्राइव्हवर ठेवलीय तेही सांगा, प्रेफरन्सेसमध्ये सापडेल. जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर ब्रश अडकण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. किती वापरात आहे आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ (रॅमच्या पट्टीच्या किती खाचा भरल्यात) समोर काय लिहिलंय, दोन्ही इथे टाका.

आणखी एक, रॅमकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. लाइटरूममध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना चित्र उशिरा उमटतं, तो मुख्यतः प्रोसेसर आणि डिस्कचा प्रश्न. रात्री फोटो आत घेताना वन-टू-वन प्रिव्ह्यू (पूर्ण आकाराची चित्रं) बनवायला लावून जेवायला जा, लाइटरूमची स्वतःची कॅटलॉग फाइल एसएसडीवर ठेवा, फरक दिसेल. फोटोतले दाणे घालवणारं एआय डिनॉइज ग्राफिक्स कार्डावर चालतं, तिथे रॅम ६४ केली तरी तुमचं मशीन रांगतच जाणार.

बातमीतला_कॅमेरा

लॅपटॉपबद्दल भावाला माझा निरोप द्या. मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघाले की दिवसभर फोटो पाठवत राहावं लागतं, मंदिराजवळ कुठेतरी पायरीवर बसून. अंगात पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) आणि माथ्यावर ऊन, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फोटोची उजेड-सावली हाताने सुधारावी लागते. एकेक फोटो, लेयर फारसे नाहीत, अशा कामाला १६ जीबी पुरते. ८ पुरत नाही, कारण सोबत ब्राउझर आणि मेल चालूच असतात.

पण आताच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. पुढे वाढवता येत नाही. म्हणून ८ चा लॅपटॉप हप्त्यावर घेणं म्हणजे हप्ते संपायच्या आत तो अपुरा पडणार. घ्यायचाच तर १६ चा घ्या, नाहीतर रिकामा स्लॉट आहे ना ते दुकानातच तपासून घ्या.

शिवाय आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पातळ लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा रॅम कितीही असो, काम हळूच होतं. अल्बमसारखं तासन्‌तास चालणारं काम डेस्कटॉपवरच ठेवा असं माझं मत.

पूर्वभाग_स्टुडिओ

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सगळं चालू ठेवून बघितलं. साध्या पानावर एफिशियन्सी १०० होती. हळदीच्या पानावर दहावा फोटो टाकला आणि ती साठीवर उतरली, ब्रश नेमका तेव्हाच अडकायला लागला. मेमरी ७.९ पैकी ७.४ वापरात. स्लॉट २ पैकी १. स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर आहे, तीच जुनी हार्ड डिस्क. सी, म्हणजे एसएसडी, भरत आला म्हणून तिकडे नेली होती.

भावाला लॅपटॉपचं पटलंय, तो विषय दिवाळीपर्यंत थांबला. आता काय घेऊ? आणि जुनी ८ ची पट्टी काढावी लागेल का? ती चांगली चालतेय, टाकून द्यायला जीव होत नाही.

नवीपेठ_रिपेअर

छान, आता बोलता येतं. रॅम कमीच आहे, शंका नाही.

मोठी_फाइल दादांचं ३२ चुकीचं नाही, रोज दहा-बारा फोटोंची पानं करणाऱ्याला ते सुखाचंच. पण त्यासाठी १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतील आणि तुमची चालू पट्टी बाहेर पडेल. आजच्या भावात मी तुमच्या जागी १६ ची एकच पट्टी घेतली असती, रिकाम्या स्लॉटमध्ये. जुनी ८ तशीच राहू द्या. एकूण २४. दोन्ही पट्ट्यांतले ८-८ जीबी जोडीने चालतात, वरचे ८ एकट्याने. इंटेलच्या बोर्डावर हे व्यवस्थित चालतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही जोडीचा फायदा होतो. उद्या भाव उतरले की ८ काढून दुसरी १६ बसवा, झाले ३२. आणखी एक ८ टाकून १६ करणं स्वस्त पडेल, पण तुमच्या पानांचा आकार बघता ते काठोकाठ होईल आणि दोन्ही स्लॉट भरून जातील.

घेताना डीडीआर४, डेस्कटॉपची लांब पट्टी, १.२ व्होल्ट, एवढं बघा. डीडीआर५ तुमच्या बोर्डात बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. ३२०० वेगाची मिळाली तरी चालेल, पण त्या वेगासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तुमचा प्रोसेसर ती २६६६ वरच चालवणार.

सी ड्राइव्हवरची लग्नं मात्र आजच डी वर हलवा. एसएसडीवर ६०-७० जीबी मोकळी करा आणि स्क्रॅच डिस्क तिथे आणा. याला एक रुपया लागत नाही. रॅम येईपर्यंत निदान ब्रश थोडा मोकळा होईल. आणि एक पान संपवून दुसरं घेण्याआधी एडिट मेनूत पर्ज, मग ऑल. त्याने मागच्या पायऱ्या पुसल्या जातात, म्हणून पान सेव्ह झाल्यावरच करा.

बसवताना वायर काढून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग पट्टीला. आपल्याकडची धूळ स्लॉटमध्ये साचलेली असते, आधी ब्रशने झाडून घ्या. दोन्ही बाजूंनी टक्‌ वाजेपर्यंत दाबा. चालू झालं की विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालू द्या आणि मगच लग्नाच्या फाइली उघडा. पट्टीत दोष असेल तर फाइल गुपचूप खराब होऊ शकते, आणि लग्न काही परत लागत नाही. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच मागतात.