अनुभव धागा : नाही म्हणणं, नाही ऐकणं (वय ११ ते १५)

अकरा-बारापासून मुलांची नाती एकदम वाढतात. घर असतंच, त्यात मित्रांचा कंपू येतो आणि मग कुणीतरी 'आवडायला' लागतं. या वयाच्या मुलांसोबत काम करणाऱ्या सगळ्यांना इथे लिहायचं आमंत्रण आहे. एकच विनंती : कुणाच्या कहाण्या नकोत, त्यातून मुलं ओळखू येतात. काय करायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, गाडं कुठे अडतं आणि का, एवढं लिहा.

शालेय समुपदेशक

घरापासून सुरुवात करते. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांना मुलाच्या आयुष्यातलं जे ठाऊक असतं, ते मुख्यतः मुलानं आपणहून सांगितलेलं असतं. पाळत ठेवून त्या मानानं फार कमी कळतं. म्हणून पालकांशी बोलताना माझा सगळा भर यावर असतो, की मुलाला सांगणं महाग पडू नये.

पहिली दहा सेकंदं जपा. "मला एक जण आवडतो" हे ऐकताच आपल्या तोंडून "कोण? कुठला? कधीपासून?" अशी सरबत्ती सुटते, आणि मूल "काही नाही, गंमत केली" म्हणून उठून जातं. त्याऐवजी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. अजून बोलायचंय, की एवढंच?" आणि मग खरंच गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. ती शांतता मुलापेक्षा आपल्यालाच जड जाते.

समोरासमोर बसवून बोलू नका. कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना, गाडीत, म्हणजे डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत तिथे मुलं मोकळी होतात. दहा मिनिटं पुरतात. वेळही बघा. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते. त्यामुळे सकाळी हूं-हूं करणारं मूल रात्री दहाला बोलतं होतं. तेव्हा "आता झोप, उद्या बोलू" म्हटलं तर तो उद्या बहुधा उगवत नाही.

आणि गुप्ततेची हद्द आधीच सांगून ठेवा : "तुझं माझ्यापाशी राहील. फक्त तू स्वतःला इजा करणार असशील, कुणी तुला त्रास देत असेल किंवा तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल, तर मी योग्य माणसाला सांगेन, आणि आधी तुला सांगून." नंतर मात्र नातेवाइकांना फोनवर ते कौतुकानंसुद्धा सांगू नका. पलीकडच्या खोलीत मूल ऐकत असतं.

जीवनकौशल्यांच्या कार्यशाळा घेणारी

'नाही' म्हणायची तालीम लागते. नुसतं समजावून काही होत नाही, तोंडाला सवय व्हावी लागते. मी अशी घेते :

जोड्या करायच्या. पहिली फेरी पाच मिनिटांची आणि क्षुल्लक गोष्टीची. एकानं पेन मागायचं, दुसऱ्यानं म्हणायचं, "नाही, मला द्यायचं नाहीये." समोरच्यानं तीनदा आग्रह करायचा, उत्तर तिन्ही वेळा त्याच शब्दांत. इथेच सगळ्यात जास्त मुलं घसरतात, कारण ती कारणं द्यायला लागतात. "शाई संपत आलीय" म्हटलं की समोरचा म्हणणार, "दोनच ओळी लिहायच्यात." प्रत्येक कारण म्हणजे घासाघिशीला नवी जागा. दुसरी चूक हसण्याची. अवघडलेपणानं हसू येतं आणि समोरच्याला तो होकार वाटतो. चेहरा साधा, आवाज नेहमीचा, एवढं जमेपर्यंत तीच फेरी पुन्हा घ्या.

दुसरी फेरी नकार ऐकायची, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. मागणाऱ्यानं "बरं, चालेल" म्हणायचं आणि लगेच दुसरा विषय काढायचा. विषय बदलणं बरेच जण गाळतात. मग "बरं" म्हणून झाल्यावर तोंड पाडून बसणं सुरू होतं, म्हणजे दबाव तसाच राहिला. शेवटी भूमिकांची अदलाबदल. दरवेळी मुलानं विचारायचं आणि मुलीनं नाकारायचं अशी वाटणी अजिबात करू नका. कुणाला भाग घ्यायचा नसेल तर त्याला बाजूला बसू द्या, नाहीतर तालमीचा अर्थच गेला.

घरी याला जोड हवी. पापा नको, गुदगुल्या नकोत, फोटो टाकू नको, असं मूल म्हणालं तर तिथेच थांबायचं. घरात जे 'नाही' उद्धटपणा ठरतं, ते बाहेर अचानक जमत नाही.

तक्रार सांगायची रीतही शिकवा. थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञानं 'मी'पासून सुरू होणाऱ्या वाक्यांची पद्धत रुजवली. "तू मला नेहमी टाळतेस"च्या जागी, "काल तुम्ही तिघी गेलात, मला विचारलं नाही, मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी सांगशील?" घडलेली गोष्ट, वाटलेली भावना, विनंती. "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" हे मात्र 'मी'नं सुरू झालं तरी आरोपच आहे.

माध्यमिक शिक्षक

वरच्या प्रतिसादातल्या 'तिघीं'वरून लिहितो. तिघांच्या मैत्रीत एक बाहेर पडणं वर्गात नेहमीचंच, पण ते किरकोळ समजू नका. २००३ साली मानसशास्त्रज्ञ नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ लावला आणि एका खेळाडूकडे चेंडू जाणं बंद केलं. त्या खेळाडूच्या मेंदूतला, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी संबंधित भाग तेव्हा जागा झालेला दिसला. म्हणून "सोड गं, दुसऱ्या मैत्रिणी कर" हा सल्ला पहिल्या दिवशी झोंबतो. दोन-तीन दिवस नुसतं ऐका. वर्गाबाहेरचा एखादा गट, खेळाचा, वाचनाचा, आधीपासून असेल तर मूल पुरतं एकटं पडत नाही.

भांडण आणि छळ यांतला फरक ओळखणं शिक्षकाचं पहिलं काम. शाळांतल्या छळाचे अभ्यासक डॅन ओल्वेयस यांनी दिलेली कसोटी आजही वापरतात : हेतुपुरस्सर त्रास, तो पुन्हा पुन्हा, आणि दोघांच्या ताकदीत तफावत. भांडण असेल तर दोघांना समोर बसवून मिटवता येतं. छळात हे कधीही करू नये. ज्याला त्रास झाला तो छळणाऱ्यासमोर "हो, मिटलं" म्हणतो, कारण बाहेर पुन्हा त्याच्याशीच गाठ आहे. दोघांशी वेगवेगळं बोला, पाहणाऱ्या मुलांशीही वेगळं बोला, आणि आठवड्याभरानं आपणहून पुन्हा विचारा.

एका पालकाचा प्रश्न

मुलीचा फोन तपासावा का?

शालेय समुपदेशक

चोरून नको. नियम ठरवायचे तर फोन हातात देतानाच, तिच्यासमोर, आणि वय वाढेल तसे सैल होतील हेही तेव्हाच सांगा. खरा धोका दिसला तर तपासा, पण तिला सांगून.

सोबत सुटकेचा एक शब्द ठरवा. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जितका धोका पत्करत, त्यापेक्षा कितीतरी जास्त मित्र शेजारी असताना पत्करत होती. मित्रांसमोर शहाणपण सुचण्याची वाट बघू नका. मुलीनं ठरलेला शब्द पाठवायचा, तुम्ही फोन करून मोठ्यानं म्हणायचं, "लगेच घरी ये, घ्यायला येतेय." वाईटपणा तुमच्याकडे. प्रश्न दुसऱ्या दिवशी. पहिल्याच वेळी परतीच्या वाटेवर बोलणी खाल्ली तर तो शब्द पुन्हा येणार नाही.

किशोरवयीन मुलांसोबत काम करणारी डॉक्टर

'आवडण्या'बद्दल. चिडवू नका, लग्नाच्या गोष्टी काढू नका. मुलांना एवढंच विचारायला शिकवा : "मी नाही म्हटल्यावर काय होतं?" समोरचा "बरं" म्हणतो, की रुसतो, धमकावतो, दोन दिवस बोलत नाही? पासवर्ड मागणं, कुठे आहेस ते सतत दाखवायला लावणं, पाच मिनिटांत उत्तर नाही आलं तर जाब विचारणं, हळूहळू मैत्रिणी तोडायला लावणं, ही प्रेमाची, माया असल्याची लक्षणं समजली जातात आणि तिथेच घात होतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १९८०च्या दशकात, मारहाण सोसलेल्या स्त्रियांच्या सांगण्यातून 'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र' हा जोडीदारावर ताबा ठेवायच्या रीती दाखवणारा तक्ता तयार झाला. त्यात मत्सर, एकटं पाडणं, धमकी हे सगळं आहे. मत्सर म्हणजे प्रेम नव्हे, हे मुलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

विचारणाऱ्यानं एकदाच विचारावं, स्वतः विचारावं. मित्रांकरवी निरोप, सगळ्यांसमोर फूल, हे दबाव टाकणं आहे.

नातं संपवताना दोन-तीन वाक्यं पुरे : "मला हे पुढे न्यायचं नाही. माझा निर्णय झालाय." 'सध्या', 'बघू' हे शब्द नकोत. भीती वाटत असेल तर फोनवर, शेजारी मोठं माणूस असताना. "सोडलंस तर जिवाचं बरंवाईट करीन" अशी धमकी आली तर मुलानं ते ओझं घ्यायचं नाही. "मला काळजी वाटतेय, म्हणून मी मोठ्यांना सांगतोय," आणि त्याच तासात सांगायचं. आणि चौदा वर्षांच्या मुलात किंवा मुलीत प्रौढ माणूस 'गुंतला' असेल तर ते नातं नाही, शोषण आहे.

सायबर सुरक्षेचं काम करणारा

खाजगी फोटोवरून धमकी आली तर क्रम पाळा. पहिलं वाक्य : "तू सांगितलंस, आता आपण दोघं मिळून बघू." पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नका. धमक्या, खात्याचं नाव, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या, पण तो फोटो स्वतः साठवू किंवा पुढे पाठवू नका. अल्पवयीनांचे असे फोटो जवळ बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे. मग खातं ब्लॉक करा, त्या ॲपवर आणि पोलिसांत तक्रार करा. अमेरिकेतली 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' ही संस्था 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा चालवते, नाव न देता वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा, म्हणजे फोटोवरून बनवलेला सांकेतिक क्रमांक, जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. सहभागी नसलेल्या ठिकाणी आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये (जिथला मजकूर फक्त बोलणाऱ्यांनाच दिसतो) याचा उपयोग होत नाही.

जीवनकौशल्यांच्या कार्यशाळा घेणारी

एक राहिलं, माफी. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, 'पण' लावू नका, पुढे काय वेगळं करणार ते सांगा : "काल मी तुझ्या मित्रांसमोर ओरडले, ते चुकलं. पुन्हा बोलायचं असेल तर बाजूला घेऊन बोलेन." मुलाकडून लगेच "ठीक आहे"ची अपेक्षा ठेवू नका. बरीच मुलं नुसती खांदे उडवून निघून जातात, जाऊ द्या.