अनुभव धागा : इतक्यात कोणता पिक्चर पाहिला, किती गुण द्याल?

दिवाळीला माहेरी, परभणीला गेले होते. भाऊबीजेच्या रात्री जेवणं उरकल्यावर घरातल्या सात जणांनी मिळून 'पाणी' लावला आणि तो संपल्यावर रात्री एकपर्यंत आमचा वाद चालला. भाऊ पाचपैकी अडीचवर अडून बसला, मी साडेचारवर. आई म्हणाली, "मला गुणबिण कळत नाहीत, पण माझा हंडा दिसला त्यात." तेव्हाच ठरवलं, हा धागा काढायचा. मराठवाड्यातल्या सगळ्यांनी लिहा. भाषा कुठलीही चालेल, थेटरात पाहिलेला असो की मोबाईलवर. एकच विनंती, नुसते गुण टाकून जाऊ नका. कुठं भिडला, कुठं खटकला, ते सांगा.

सुरुवात मीच करते. 'पाणी'चं दिग्दर्शन आदिनाथ कोठारे यांचं आणि नायकही तेच. 2018 सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनाचा पुरस्कार मिळालेला हा पिक्चर थेटरात लागला तो ऑक्टोबर 2024 मध्ये. गोष्ट खऱ्या माणसाची आहे, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची. गावात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही, हे लांबच्या प्रेक्षकाला रचलेलं वाटू शकेल. माझ्या सख्ख्या आत्याचं स्थळ याच कारणानं मोडलं. आजोबांनी मुलगा पाहिला, घर पाहिलं आणि मग म्हणाले, आड दाखवा. आडात डोकावले, धोतराचा सोगा सावरला आणि चहासुद्धा न घेता परत फिरले. पिक्चर पाहताना ते सगळं डोळ्यांपुढं आलं. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी, की प्रेमाच्या गोष्टीला भरपूर वेळ मिळाला आणि गाव एकत्र आणायचं काम त्या मानानं भराभर उरकलं. खरं तर एकेका बांधावर जाऊन एकेकाला राजी करण्यातच वर्षं जातात.

छत्रपती संभाजीनगरहून
तो अडीचवाला भाऊ मीच. माझी तक्रार बोलीची आहे. नांदेडकडचा माणूस "काय करायलास" म्हणतो, त्याचा एक हेल असतो. पिक्चरमध्ये तो मला कधी सापडला, कधी सुटला. आपली भाषा पडद्यावर फार क्वचित येते, म्हणून ती आली की मी कान टवकारून बसतो. विषयाला माझे पाच आहेत, ताई. कापलेत ते बोलीचे.

लातूरहून
मी चार देतो. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा आठवीत होतो, वडिलांच्या खांद्याला धरून बघत उभा होतो. 'पाणी' त्यांच्यासोबतच पाहिला. एक शब्द बोलले नाहीत. झोपताना मात्र उठून नळ नीट बंद आहे का ते बघून आले.

लातूरहून, आणखी एक
मी मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करतोय, ट्यूशन एरियात खोली घेऊन राहतो. पिक्चर पाहायला वेळ नसतो, पण रूम पार्टनरनं '12th फेल' जबरदस्तीनं दाखवला. विधू विनोद चोप्रांचा, 2023 चा. चंबळमधला मनोज पिठाच्या चक्कीत राहून, काम करून यूपीएससीचा अभ्यास करतो, ते सगळ्यांना आवडतं. मी मात्र त्याच्या आधीच अडकलो. आजी स्वतःचे साठवलेले पैसे नातवाला देते आणि बसमध्ये त्याची बॅगच चोरीला जाते. माझी पहिल्या वर्षाची फी आजीच्या पाटल्या मोडून भरलीय. त्या सीनला मी पॉज केलं, गच्चीवर गेलो आणि घरी फोन लावला. आजी म्हणाली, "रडायलास का रे?" मी म्हटलं, सर्दी झालीय. पाचपैकी पाच. मनोज झालेल्या विक्रांत मॅसीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या मेसमध्ये टाळ्या वाजल्या.

जालन्याहून, शिक्षिका
वरच्या लेकराला आशीर्वाद. मी याच पिक्चरला चार देते, पण सुरुवातीच्या भागासाठी. शाळाच कॉपी पुरवते, आणि एक अधिकारी ती बंद करतो तेव्हा सगळा वर्ग नापास होतो. दहावी-बारावीच्या केंद्रावर मी वीस वर्षं पर्यवेक्षण केलंय. खिडकीबाहेर भिंतीला लटकलेले पालक पाहिलेत, त्यांना खाली उतरा म्हटल्यावर शिव्याही खाल्ल्यात. नापास होणं हा त्या पोरांवर झालेला पहिला उपकार होता, हे या पिक्चरनं ठणकावून सांगितलं. माझ्या वर्गाला दाखवलाय.

नांदेडहून
'तुंबाड' 2018 साली हुकला होता, सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा थेटर गाठलं. राही अनिल बर्वे यांचा. भीतीचे पिक्चर मी खूप पाहतो, पण अशी भीती नाही पाहिली. इथं दचकवण्यापेक्षा लोभाचीच भीती जास्त वाटते. पिठाची बाहुली घेऊन खाली उतरणारा विनायक दर खेपेला थोडा जास्त हावरट होत जातो. आणि पाऊस! सगळा पिक्चर भिजलेला, कारण तिथं पाऊस हा शाप आहे. आमच्याकडं पाऊस म्हणजे आभाळाकडं हात जोडून मागायची गोष्ट. मध्यंतरात वडील म्हणाले, "एवढा पाऊस पडायलाय अन् शेतात कुणीच नाही." ते पूर्ण वेळ तेवढंच बघत होते. पाचपैकी पाच.

संभाजीनगरहून
'छावा', तीन. विकी कौशलनं जीव ओतलाय, शेवटची वीस मिनिटं मी खाली मान घालून बसलो. ए. आर. रहमान यांचं संगीत मात्र या मातीचं वाटलं नाही.

बीडहून
आमच्या बचत गटानं मीटिंग झाल्यावर अंगणवाडीच्या खोलीत लॅपटॉपवर 'लापता लेडीज' पाहिला. चौदा जणी होतो. किरण राव यांचा, 2024 चा. रेल्वेत दोन नवऱ्या अदलाबदल होतात आणि त्यातल्या फूलला काही नवऱ्याचं नाव सांगवत नाही. हे आलं तशी सगळ्यांची मान एका मावशींकडं वळली. मावशी साठीच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात फक्त उखाण्यात घेतलंय. रेशनच्या रांगेत कुणी नाव विचारलं तर त्या शेजारणीला सांगायला लावायच्या. पुढं स्टेशनवर मंजू माईच्या टपरीवर फूल कलाकंद करते आणि तिला स्वतःच्या कमाईचे पैसे मिळतात. तिथं खोलीत कुणी बोललं नाही. पापडाचे पहिले पैसे वाटले तेव्हा आमच्यातल्या एकीनं नोटा हातरुमालात बांधून तीन दिवस तशाच ठेवल्या होत्या, खर्चाव्याशा वाटेनात. आमचे चौदा जणींचे मिळून पाच. मंजू माई झालेल्या छाया कदमला वेगळे पाच.

हिंगोलीहून
मल्याळम 'मंजुम्मेल बॉईज', साडेचार. कोडाईकनालच्या गुणा गुहेत 2006 साली खरंच घडलेली गोष्ट. मित्र खोल भेगेत पडतो आणि एक जण दोराला बांधून घेऊन खाली उतरतो. मी क्रेनवर विहिरीतला गाळ काढायचं काम केलंय. साठ फूट खाली गेलं की वरचं तोंड ताटाएवढं दिसतं आणि माणसाचा आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. दिग्दर्शक चिदंबरम यांनी तो आवाज बरोबर पकडलाय. दोर धरणाऱ्यांचे हात जवळून दाखवलेत, तिथं माझ्या तळहाताला घाम सुटला.

धाराशिवहून
'साबर बोंडं', साडेचार. रोहन कानवडे यांच्या या मराठी पिक्चरला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारून त्याला हैराण करतात आणि त्याला आधार सापडतो तो लहानपणीच्या मित्रापाशी, बाळ्यापाशी. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या हलक्या हातानं दाखवलेलं मी आपल्या भाषेत पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी माझे वडील गेले. त्या दहा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं आणि आपल्याला बोलायला एक माणूस नसतो. संथ आहे म्हणून काही जण उठून गेले. मला तो संथपणा हवा होता.

जालन्याहून, त्याच शिक्षिका
परभणीच्या ताई, आईच्या हंड्याचं अर्धवटच सोडलंत.

परभणीहून
हो, आज विचारलं. बाहत्तरच्या दुष्काळात आई नऊ वर्षांची होती. आडावर रात्रीच नंबर लागायचा, माणसाच्या जागी हंडा ठेवून लोक घरी येत. आपला ओळखू यावा म्हणून आजीनं हंड्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधली होती. पिक्चरमध्ये बायका हंडे घेऊन निघतात, तेव्हा आई ती चिंधी शोधत होती. गुण विचारले तर म्हणाली, उद्या पुन्हा लाव, मग सांगते.