गुरप्रीतने २०१७ मध्ये नॉर्वे सोडायला नको होतं

सहा_यार्ड

२०२५ च्या ऑक्टोबरात गोव्यातल्या फातोर्ड्याला भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ हरला, २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली आणि पुन्हा एकदा सगळ्यांचा राग आपला गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूवर निघाला. मला त्या एका सामन्यावर बोलायचं नाही. त्याच्या कारकिर्दीचं खरं वळण आठ वर्षं आधी येऊन गेलं होतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याने नॉर्वेचा स्टाबेक क्लब सोडला आणि तो बंगळुरू एफसीत आला. तो निर्णय चुकला, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: चंडीगडच्या सेंट स्टीफन्स अकादमीत घडलेला हा मुलगा. पुढे ईस्ट बंगाल, मध्ये एक मोसम पैलान ॲरोजकडे. २०११ च्या आशियाई चषकात सुब्रत पॉल गोलात खेळत होता तेव्हा हा एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर राखीव म्हणून संघात होता. २०१४ मध्ये ओस्लोला लागूनच असलेल्या स्टाबेकने त्याला घेतलं. तिथला प्रशिक्षक बॉब ब्रॅडली, म्हणजे २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेला बाद फेरीत नेणारा माणूस. ३० जून २०१६ ला वेल्सच्या कॉनाज की नोमॅड्सविरुद्ध गुरप्रीत युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. त्या स्पर्धेत उतरलेला तो पहिला भारतीय.

आणि वर्षभरात परत! वय पंचवीस. ज्या वयात स्ट्रायकर ऐन भरात असतो, त्या वयात गोलकीपरची समज कुठे आकाराला यायला लागते. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलासमोर टाकलेला चेंडू, आला की रेषेवर थांबायचं की बाहेर पडायचं, हे ठरवायला अर्धा सेकंद मिळतो. ती समज रोजच्या सरावात, तुमच्यापेक्षा वेगवान आणि धिप्पाड माणसं अंगावर आली की तयार होते.

आता २०२४ आठवा. जानेवारीत आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध क्रॉसला हात लागला पण चेंडू लांब गेला नाही, जॅक्सन अर्विनने गोल केला. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानविरुद्ध बरोबरी असताना बाहेर आला, धडकला, शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी गेली आणि सामनाही. नोव्हेंबरमध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध गोल सोडून पुढे धावला, चेंडू हुकला, पाऊलो जोसुएला रिकामं जाळं मिळालं. तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. शॉट अडवण्यात तो आजही देशात कुणाला हार जाणार नाही. बाहेर पडण्याचा निर्णय कच्चा राहिला, आणि तो पक्का करणारी शाळा त्याने अर्ध्यावर सोडली.

कूपरेजकर

साफ असहमत. शाळा म्हणताय, पण त्या शाळेत त्याला वर्गाबाहेर बसवलं होतं. स्टाबेकचा पहिला गोलकीपर होता आयव्हरी कोस्टचा सयुबा मांडे. तीन वर्षांत गुरप्रीतच्या वाट्याला आलेले लीगचे सामने अगदी मोजके. बचावपटू बाकावर असला तरी कुणाला दुखापत झाली, कुणी निलंबित झालं, चार जागांपैकी एखादी रिकामी होते. गोलकीपरची जागा एकच, आणि ती धरणारा माणूस धडधाकट असेल तर वर्ष वर्ष हलत नाही.

परत आल्यावर काय झालं तेही बघा. पहिल्याच मोसमात बंगळुरू इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, अंतिम फेरीत. पुढच्या वर्षी विजेतेपद. १७ मार्च २०१९, आपल्या अंधेरीच्या मैदानावर, एफसी गोवाविरुद्ध १-०. गोल केला मुंबईच्या राहुल भेकेने, जादा वेळ संपत आली असताना, हेडरने. त्याची आठवण सगळे काढतात. त्याआधीची जवळजवळ दोन तास शाबूत राहिलेली शून्याची पाटी कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि दोहा? १० सप्टेंबर २०१९. कतार तेव्हा आशियाचा विजेता. सुनील छेत्री आजारी, दंडावर कर्णधाराची पट्टी गुरप्रीतच्या. कतारने अख्खा सामना आपल्या अर्ध्यात खेळला आणि निकाल ०-० लागला. दोन वर्षं आठवड्यामागून आठवडा सामने खेळल्याशिवाय असा खेळ होत नाही. बाकावरून उठून आलेल्या माणसाला तो जमला नसता.

तुम्ही तीन चुका मोजल्या. २०२३ च्या दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेत उपांत्य फेरीत लेबनॉन आणि अंतिम फेरीत कुवेत, दोन्ही सामने पेनल्टीवर कुणी जिंकून दिले?

फ्योर्डकाठची

मी बरीच वर्षं ओस्लोजवळ राहते, म्हणून थोडी भर घालते. नॉर्वेतली सर्वोच्च लीग सोळा संघांची, तीस सामन्यांची, वसंतात सुरू होऊन शरदात संपणारी. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत छोट्या क्लबांविरुद्ध उभं करतात, एरवी बाक. त्यामुळे कूपरेजकर बाकाबद्दल म्हणतात ते खरं आहे.

पण इथला दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर घरी परत जात नाही, खालच्या लीगमधल्या क्लबात जातो. तिथे दोन मोसम सगळे सामने खेळतो आणि मग वर येण्यासाठी धडपडतो. वारा, पाऊस, उंच चेंडू, गर्दीतून येणारे कॉर्नर. गोलकीपरला यापेक्षा चांगलं शिक्षण नाही. निवड स्टाबेकचा बाक किंवा बंगळुरू एवढीच होती असं दोघांनीही धरून चाललंय, ते मला पटत नाही. २०१६ च्या मोसमात स्टाबेक तळाशी गेला होता, पात्रता सामना खेळून कसाबसा वाचला. अशा क्लबात तीन वर्षं तग धरलेल्या गोलकीपरला उत्तर युरोपात कुठेतरी जागा मिळाली असती, असं मला वाटतं.

पेठेतला_गडी

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडं तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम भरतंय, आणि गोल खाल्ला की पहिली शिवी गोलकीपरला. देशातबी तेच चाललंय.

भावांनो, २०२४ च्या त्या आशियाई चषकात आपण तीन सामने खेळलो. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. गोल किती मारले? एकही नाही. गोलकीपरनं तिन्ही सामन्यांत पाटी कोरी ठेवली असती तरी जास्तीत जास्त तीन बरोबऱ्या. मग हिशेब त्याच्याच नावावर का?

याचं कारण आपल्या लीगमधीच हाय. परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली, म्हणून क्लब त्या जागा स्ट्रायकर आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंवर खर्च करतात. गोलात मात्र भारतीय पोरगा उभा करतात, तेवढीच एक परदेशी जागा वाचती. आयएसएलच्या पहिल्या मोसमात, २०१४ ला, डेव्हिड जेम्स, यान सेडा असले परदेशी गोलकीपर हुते. ते दिवस गेले. त्यामुळं गोलकीपरला घरी खेळायला मिळतंय आणि स्ट्रायकर बाकावर वाळतोय. गुरप्रीत परत आला ते बरोबर केलं. परदेशी जायाची खरी गरज हाय आमच्या पुढच्या फळीतल्या पोरांना.

सहा_यार्ड

@कूपरेजकर, दोहाचा सामना माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तो सामना जवळजवळ पूर्ण रेषेवर उभं राहून, शॉट अडवून वाचवलेला. तेच तर मी म्हणतोय. आणि रेषेवरची ती ताकद तो नॉर्वेतून परत आल्यावर दोन वर्षांत दिसली, सात वर्षांनी नाही. युरोपातल्या सरावाचं देणं तेव्हा ताजं होतं.

@पेठेतला_गडी, परदेशी जागांबद्दल एकदम बरोबर. पण त्याची दुसरी बाजू बघा. देशात गोलकीपरची जागा सहज मिळते म्हणून कुणाला ती सोडून बाहेर जावंसं वाटत नाही. सोय हाच इथे अडसर झालाय.

कूपरेजकर

बाहेर जाणं म्हणजे आपोआप सुधारणं, हे गृहीत धरू नका. आपला बचावपटू संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला. दुखापत झाली, एकही सामना न खेळता परत आला. ऐन भरातला अर्धा मोसम गेला. आणि इंग्लंडचं दार तर आपल्याला बंदच. २००९ मध्ये छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार होत आला होता, ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला, कारण भारताचं क्रमवारीतलं स्थान. खेळाडूच्या हातात जे नाही त्याचा जाब त्याला विचारायचा का?

फ्योर्डकाठची ताई, खालच्या लीगचा मुद्दा चांगला आहे. पण तिथे जाणारा नॉर्वेचा मुलगा आपल्याच देशात असतो. त्याला राष्ट्रीय संघाच्या निवडीची चिंता नसते. आपला हा माणूस सप्टेंबर २०१६ मध्ये अंधेरीत पोर्टो रिकोविरुद्ध भारताचा कर्णधार होता, आपण ४-१ जिंकलो. त्याच्यावर संघ उभा राहत होता. त्याने नॉर्वेच्या दुसऱ्या लीगमध्ये अनोळखी राहायचं?

फ्योर्डकाठची

हो, राहायचं. कर्णधारपद आधीच मिळालं होतं म्हणूनच राहता आलं असतं. राष्ट्रीय संघातली त्याची जागा तेव्हा तरी धोक्यात नव्हती.

मांडवीपार

गोव्याचं एक नाव कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा माणूस, साळगावकर क्लबचा गोलकीपर, ऐंशीच्या दशकात भारताचा कर्णधार, १९८४ चा संतोष चषक जिंकणाऱ्या गोव्याचा आधार. १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. युरोपातल्या कुठल्या क्लबात खेळला नाही. आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा, क्रॉसवर तो कसा झेपावायचा. बाहेर गेल्याशिवाय गोलकीपर तयार होत नाही हे मान्य करायला मी तयार नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर धीरज सिंग. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातला आपला गोलकीपर. स्कॉटलंडच्या मदरवेलमध्ये चाचणी देऊन आला, करार झाला नाही. मग २०२१ मध्ये फातोर्ड्यालाच आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये एफसी गोवासाठी उभा राहिला, इराण, कतार आणि संयुक्त अरब अमिरातीच्या क्लबांसमोर. गोव्याने तीन बरोबऱ्या साधल्या. वीस वर्षांचा पोर होता तो! मोठ्या संघांसमोर उभं राहायला मिळालं पाहिजे, मग मैदान कुठलंही असो.

सहा_यार्ड

ब्रह्मानंदांबद्दल पूर्ण आदर. पण त्यांच्या काळात गोलकीपर पायाने पास देऊन खेळ सुरू करत नव्हता, बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढत नव्हती. तेव्हा सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडूसुद्धा हातात घेता यायचा. तो नियम १९९२ मध्ये बदलला. आजच्या गोलकीपरकडून बचावपटूचं अर्धं काम मागतात. आणि धीरजला मोठे संघ एका स्पर्धेपुरते भेटले, पुढे तसं सातत्याने घडलं नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

रेषेवरची_ती

सगळी चर्चा पुरुषांवरच चाललीय, म्हणून लिहिते. अदिती चौहान भारताची गोलकीपर. इंग्लंडमध्ये लफबरोला क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. ती गेली तेव्हा देशात महिलांची राष्ट्रीय लीगच नव्हती. परत आली, इथे खेळली, मुलींसाठी अकादमी काढली, २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिला कुणी विचारलं नाही की परत का आलीस, कारण ती गेली होती हेच फार जणांना माहीत नव्हतं. गुरप्रीतच्या निर्णयाची आठ वर्षांनी चिरफाड होते, एवढं लक्ष निदान त्याच्या वाट्याला आलं.

माझं मत: परतण्यात चूक नव्हती. परत आल्यावर सात-आठ वर्षं एकाच क्लबात राहण्यात होती. बंगळुरूत त्याच्या जागेला आव्हान देणारा गोलकीपर फार काळ कुणी नव्हताच. दोन-तीन मोसमांनी जपान किंवा थायलंडकडे बघायला हवं होतं. आशियाई खेळाडूंसाठी तिकडे दारं जास्त उघडी असतात.

कूपरेजकर

हे म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं. तरी एक सांगतो. नोव्हेंबर २०२४ च्या त्या मलेशियाच्या चुकीनंतर विशाल कैथ गोलात आला. जूनमध्ये हाँगकाँगविरुद्ध त्याच्याही हातून बाहेर पडताना पेनल्टी गेली आणि आपण ०-१ हरलो. म्हणजे ही खोट एका माणसाची नाही. विशालने नॉर्वे सोडलं नव्हतं! मग नवा प्रशिक्षक खालिद जमीलने पुन्हा गुरप्रीतला आणलं. त्या ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध त्यांच्याच घरी, २-१ ने पुढे असताना त्याने पेनल्टी अडवली. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवलं, त्यांच्यावरचा आपला पहिला विजय. तेहेतीस वर्षांच्या माणसाचा खेळ आहे हा.

सहा_यार्ड

पुन्हा पेनल्टी, पुन्हा रेषेवरचाच खेळ! विशालची चूकही तशीच, हे मान्य. म्हणजे दोघेही एकाच लीगमध्ये घडलेत आणि दोघांत एकच उणीव आहे.

आणि घरच्या लीगचा भरवसा म्हणाल, तर २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएल थांबवली गेली. ऑगस्टमध्ये खुद्द बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार रोखले. ज्या सुरक्षिततेसाठी आपले गोलकीपर बाहेर जायचं टाळतात, ती ही.

पेठेतला_गडी

हे २०१७ मधी कुणाला दिसत हुतं का, भावा? त्या वेळी त्यानं खेळायला मिळंल तिथं जायचं ठरवलं. गोलकीपरनं दुसरं काय करायचं?

फ्योर्डकाठची

खेळायला मिळेल तिथे जायचं, यावर आपण सगळेच एक आहोत. वाद एवढाच की समोर कोण असेल हेही बघायचं की नाही. आता विशीतले जे गोलकीपर आहेत त्यांच्यापैकी कुणाला नॉर्वे, डेन्मार्क किंवा स्वीडनच्या दुसऱ्या लीगमधून विचारणा झाली, तर कूपरेजकर, तुम्ही त्याला थांब म्हणाल का?

कूपरेजकर

करारात पहिल्या क्रमांकाची जागा असेल तर स्वतः विमानतळावर सोडायला जाईन. बाक असेल तर थांब म्हणेन, आणि ते मी २०१७ मध्येही म्हटलं असतं.