पहिल्या पाच मिनिटांत पिक्चर कळतो, की अर्थ आपण नंतर चिकटवतो?

पहिली_रांग:
माझं मत सरळ आहे. पिक्चरची सुरुवात गोष्ट सांगायला नसतेच, हा पिक्चर कसा बघायचा ते सांगायला असते. किती दमाने बघायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हसायची परवानगी आहे की नाही, सगळं. 'कोर्ट' हा पिक्चर घ्या. लोकशाहीर नारायण कांबळे मुलांना शिकवतोय, मग बसने कार्यक्रमाला जातो, स्टेजवर गायला लागतो आणि कार्यक्रम चालू असतानाच पोलीस येऊन घेऊन जातात. केवढी मोठी घटना, पण ढॅण म्युझिक नाही, कॅमेऱ्याची धावपळ नाही, तो आपला लांबून बघतोय. तिथेच कळतं की इथे अन्याय आरडाओरडा करत येणार नाही, तारीख पे तारीख करत रोजच्या कामासारखा होणार. ज्याला ती सुरुवात संथ वाटली त्याला पुढचं सगळंच संथ वाटेल, पण फसवलं असं त्याला म्हणता येणार नाही ना.

आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968). स्टेशनवर तीन बंदूकवाले ट्रेनची वाट बघतायत, पवनचक्की कुरकुरतेय, एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतंय, एकाच्या तोंडावर माशी. पार्श्वसंगीत नाही, बोलणं जवळपास नाहीच. गोळ्या सुटतात त्या अगदी शेवटी आणि क्षणात विषय संपतो. आता पुढे प्रत्येक मारामारीत आपण गोळीची नाही, गोळीआधीच्या थांबण्याची वाट बघतो. ही सवय त्या सुरुवातीनेच लावली.

रात्रीचा_खेळ:
असहमत. हे सगळं दुसऱ्यांदा बघताना सुचतं हो. ते तिघं तिथेच मरतात, पुढे त्यांचा काही संबंध नाही, मग थीम कुठून आली?

'फँड्री'बद्दल पण हेच ऐकतो. सुरुवातीला जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे, शेवटी दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे बघा शेवट सुरुवातीतच पेरला होता. अहो पीक आल्यावर पेरणी सगळ्यांनाच दिसते! शेवटी दगड आला नसता तर त्या गलोलीबद्दल कोणी अवाक्षर काढलं असतं का?

पहिली_रांग:
@रात्रीचा_खेळ तुम्ही टोन आणि थीम एकाच पोत्यात भरताय. थीम शेवटी उलगडते, मान्यच, ते कोण नाकारतंय. पण टोन पहिल्या फटक्यात अंगाला लागतो, त्यासाठी शेवट माहीत असावा लागत नाही. जब्या त्या चिमणीमागे ज्या हट्टाने फिरतो तो हट्ट पहिल्यांदा बघणाऱ्यालाही दिसतो.

कानसेन:
याला चांगला पुरावा आहे, कारण एकाच सुरुवातीच्या दोन आवृत्त्या आपल्याला बघायला मिळतात. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ इव्हिल' (1958). गाडीत बॉम्ब ठेवतात, मग तीन मिनिटांहून मोठा एकच सलग शॉट, गाडी सीमेकडे सरकतेय, माणसं आजूबाजूने चालतायत. स्टुडिओने त्यावर नावं टाकली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत लावलं. वेल्सने त्यांच्या कटवर 58 पानांचा मेमो लिहिला होता, त्याच्या आधारे 1998 मध्ये वॉल्टर मर्चने पिक्चर पुन्हा एडिट केला, नावं काढली, संगीतही काढलं. आता ऐकू येतात रस्त्यावरच्या क्लबमधली आणि गाड्यांच्या रेडिओची गाणी, एकमेकांत मिसळलेली. स्टुडिओवाल्या आवृत्तीत तुम्ही थ्रिलर बघायला बसता, दुसरीत तुम्ही त्या गावात उभे असता. शॉट तोच, फ्रेम तीच. मग हे नंतर चिकटवलेलं कसं?

रात्रीचा_खेळ:
उदाहरण छान आहे, पण ते माझ्याच बाजूने जातंय. दोन्हीत ताण का येतो? बॉम्ब ठेवताना आपण बघितलंय म्हणून. खाली भजन लावा, तरी लक्ष त्या गाडीवरच राहणार. म्हणजे काम माहितीने केलं, 'मूड'ने नाही.

कानसेन:
भजन लावून बघाच एकदा 😄 वेगळाच पिक्चर होईल.

मध्यंतर:
तुमचं चालू द्या, माझी तक्रार वेगळीय. हल्ली कुठलीही सिरीज किंवा पिक्चर लावा, पहिल्याच सीनला रक्त, कोणीतरी धापा टाकत पळतंय, मग काळा पडदा आणि 'तीन महिन्यांपूर्वी'. याने कसला टोन सेट होतो? माणूस रिमोट उचलेल या भीतीने केलेली सोय आहे ती. 'गॉडफादर'मध्ये अंधाऱ्या खोलीत एक माणूस नुसता बोलतोय, कॅमेरा हळूहळू मागे येतो आणि मग डॉन दिसतो, बाहेर उन्हात लग्न चाललंय. आत धंदा, बाहेर कुटुंब, मध्ये एक दार. शेवटी ते दार डॉनच्या सुनेच्या, म्हणजे के हिच्या तोंडावर बंद होतं. आज कोणी अशी सुरुवात लिहून नेली तर पहिला प्रश्न येईल की प्रेक्षकाला पकडून ठेवणारा 'हुक' कुठेय.

पहिली_रांग:
+१, अगदी.

रात्रीचा_खेळ:
बरं, 'सायको'चं (1960) काय करणार? सुरुवात काय सांगते, मॅरियन, तिचा प्रियकर, मग चाळीस हजार डॉलरची चोरी. आपण चोरीचा पिक्चर बघत बसतो आणि अर्ध्याच्या आत ती शॉवरमध्ये मरते. सुरुवातीने धडधडीत थाप मारली. आणि म्हणूनच पिक्चर जबरदस्त! तुमच्या थिअरीने तो फसायला हवा होता.

पहिली_रांग:
गोष्टीची थाप मारली, नजरेची नाही. पहिला सीन परत बघा. शहरावरून कॅमेरा सरकत येतो, पडद्यावर वार, तारीख, वेळ, आणि मग तो अर्धवट खाली असलेल्या पडद्याखालून खिडकीतून खोलीत शिरतो, जिथे दोघं भर दुपारी चोरून भेटलेत. आपण पहिल्या मिनिटापासून डोकावतोय. पुढे मोटेलवाला नॉर्मन मॅरियनला बघायला भिंतीच्या भोकाला डोळा लावतो तेव्हा तो आपल्याच रांगेत येऊन बसतो.

मध्यंतर:
हे मात्र भारी 👌

रात्रीचा_खेळ:
भारी कसलं, टायटल्स विसरलात. त्या खिडकीच्या आधीच सॉल बासच्या पट्ट्या पडदा चिरत असतात आणि बर्नार्ड हरमनची नुसती तंतुवाद्यं जीव घेतात, तिथेच आपण घाबरलेलो असतो. ते काढून टाका आणि नुसती ती खिडकी कोणाला तरी दाखवा, ज्याने पिक्चर बघितला नाहीये त्याला. 'डोकावणं' वगैरे म्हणाला तर मला कळवा.